गाडी अभिजात कधी होते?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तोवर विद्वानांच्या लेखात राहणारा हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला. त्याच सुमारास मोटारींविषयीच्या लेखनातही तो दिसू लागला. इंग्रजीत ज्यांना क्लासिक म्हणतात त्या जुन्या गाड्यांना मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न जुनाच आहे. 'व्हिंटेज' हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण तो वयाचा शब्द आहे, गुणाचा नव्हे. गुणाचा शब्द हवा म्हणून कोणी 'अभिजात' घेतला. घेताना त्या शब्दाच्या पोटात काय आहे हे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. भाषेच्या बाबतीत आपण हा कुलीनतेचा अर्थ बाजूला ठेवला आणि प्राचीनता, मोलाचा ग्रंथसंग्रह, परंपरेची स्वतःची मौलिकता असे निकष लावले. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यासाठी पुरावे गोळा केले. गाड्यांच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. उद्याच्या अभिजात गाड्या कोणत्या, याच्या याद्या अधूनमधून प्रसिद्ध होतात. त्या मी गेली काही वर्षे जमवून ठेवतो आहे. बहुतेक याद्यांचा निकष आजही जन्माचाच आहे : गाडी परदेशी घराण्याची आहे का, थोडीच बनली का, वेगवान आहे का, लिलावात किती किंमत येईल. हे निकष तपासून पाहावेत आणि आपल्या भूमीला लागू पडतील असे दुसरे काही सुचवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी दुर्मीळपणाचा निकष घेऊ. फेरारीची '२५० जीटीओ' ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ बनली. तिची किंमत आज कोट्यवधींत आहे, ती या संख्येमुळेही आहे. असा दुर्मीळपणा कारखान्यातच ठरतो. आपल्याकडची गोष्ट उलटी आहे. आपल्या गाड्या मोठ्या संख्येने बनल्या आणि नंतर दुर्मीळ झाल्या. ज्या गाडीने गल्ली भरून गेली होती ती पंचवीस वर्षांत शोधूनही सापडत नाही. म्हणून आपल्याकडे किती बनल्या यापेक्षा किती वाचल्या, आणि का वाचल्या, हे विचारायला हवे.

का वाचल्या याचे एक उत्तम उदाहरण कोल्हापुरातच आहे. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दरवर्षी दसऱ्याला बाहेर निघते. सोने लुटण्यासाठी दसरा चौकात जमलेली माणसे पालखीइतक्याच उत्सुकतेने तिच्याकडे पाहतात. ही गाडी शब्दाच्या मूळ अर्थानेच अभिजात. जर्मनीतल्या नामांकित कारखान्यात ती जन्मली आणि राजवाड्यात वाढली. परंतु हिंदुस्थानातल्या संस्थानिकांकडे अशा कुलीन गाड्या शेकड्यांनी होत्या. त्यांतल्या कितीतरी विकल्या गेल्या, परदेशी गेल्या, तबेल्यात गंजल्या. कोल्हापूरची मेबॅक टिकली आणि लोकांची राहिली, याचे कारण तिला दरवर्षी एक काम आहे. वर्षातून एकदा ती चालू झालीच पाहिजे. म्हणून तिची बॅटरी, टायर, ब्रेक कोणीतरी पाहतेच. कुळाने गाडीला किंमत येते, पण आयुष्य मिळते ते कामाने.

आता कायद्याकडे वळू. जुन्या गाडीची सरकारी व्याख्या जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी मोटार, जिची चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात आहे, ती व्हिंटेज. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षांची. ही गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' ३० वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानते. आपली अट तिच्याहून वीस वर्षांनी कडक आहे.

या नियमाचे स्वागतच झाले, आणि ते योग्यही होते. तोवर जुन्या गाडीच्या मालकाला धड कागदच नव्हता. परंतु नियम बारकाईने वाचला की दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट म्हणजे मधली दरी. आपल्याकडे खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नव्याने पासिंग करावे लागते. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत पोहोचायला गाडीने सात वेळा आरटीओची पायरी चढली पाहिजे. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. पर्यावरण कर वेगळा. दुसऱ्या हाताला, गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढली तर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. एकाच सरकारने पन्नाशीच्या गाडीला मान दिला आणि पस्तिशीच्या गाडीला भंगाराचा रस्ता दाखवला. आता हिशेब करून पाहा. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली. ती पन्नाशीत पोहोचेल २०३३ साली. टाटा सिएरा १९९१ ची, म्हणजे २०४१. नॅनो २००९ ची, म्हणजे २०५९. तोवर त्यांना सांभाळण्याची कायदेशीर सोय जवळजवळ काहीच नाही. श्रीमंताची गाडी ही दरी सहज ओलांडते. शाळामास्तरांची मारुती ओलांडत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. व्याख्येत खाजगी वापराची दुचाकी आणि चारचाकी मोटार एवढेच आहे. तीनचाकी रिक्षा तिच्यात नाही. माल वाहणारा टेम्पो नाही. भाड्याने चालणाऱ्या गाडीला जागा नाही. मी गडमुडशिंगीत राहतो. एका बाजूला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची कापडपेठ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. या टापूतली माणसे गेली चाळीस वर्षे ज्या वाहनांतून कामाला गेली, बाजाराला गेली, दवाखान्यात गेली, त्यांना आम्ही 'वडाप' म्हणतो. महिंद्राची जीप, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, मॅटॅडोर. आत बसायची सोय किती आणि बसलेली माणसे किती, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आमच्या भागाचा सामाजिक इतिहास लिहायचा तर वडापशिवाय लिहिता येणार नाही. त्या इतिहासाचे साधन मात्र कायद्याच्या व्याख्येत बसत नाही आणि संग्राहकांच्या यादीतही नसते. पुढच्या पिढीला साहेबाची मोटार पाहायला मिळेल, पण मागच्या फळीला लोंबकळून शाळेला जाणाऱ्या पोराचे वाहन पाहायला मिळणार नाही.

मग निकष कोणते असावेत? मी तीन सुचवतो.

पहिला निकष वळणाचा. ज्या गाडीमुळे समाजाच्या वागण्यात काही फरक पडला, तिचा विचार आधी व्हावा. दुसरा निकष मिस्त्रीचा. जी गाडी कंपनीने सोडून दिल्यावरही स्थानिक कारागीर चालू ठेवू शकतो, तीच टिकेल. तिसरा निकष पाठाचा. साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना तो लगेच कळेल. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. कोणता श्लोक मूळचा आणि कोणता मागून घुसलेला हे ठरवले. जुनी गाडीही एक पाठ असते. तिच्यावर प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक गॅरेजने काही ना काही लिहिलेले असते. चकाचक रंग मारून, क्रोम चढवून, दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून उभी केलेली गाडी दिसते छान. पण तो चार पोथ्यांतून जुळवलेला संमिश्र पाठ असतो. मूळ रंगाचा पोपडा, मूळ आसनाचे फाटके कापड आणि आरसी बुकातली मालकांची नावे ज्या गाडीत शाबूत आहेत, ती अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाची.

या तीन कसोट्या लावून काही गाड्या पाहू.

पहिली अर्थातच फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जोडणी झाली, मग पन्नाशीच्या दशकात फियाट आली. तिच्या गोलमटोल आकाराला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव दिले. टोपणनाव मिळणे हाही लोकांनी दिलेला एक दर्जाच आहे. पुढे ११०० डी आली, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. वळणाच्या कसोटीला ती उतरते : मराठी मध्यमवर्गाची पहिली मोटार आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, दोन्ही भूमिका तिने केल्या. मिस्त्रीच्या कसोटीला तर ती पैकीच्या पैकी गुण घेते. कार्बोरेटर, पॉइंट, रिंग-पिस्टन, सगळे हाताने उघडता येणारे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला लेथवाला तिचा हवा तो भाग घडवून देऊ शकतो. घात होतो तो पाठाच्या कसोटीवर. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली; पण टॅक्सी म्हणून, आतल्या सजावटीसह, मीटरसह जपलेल्या गाड्या किती राहिल्या? खाजगी पद्मिनी अभिजात होईलच, काही अंशी झालीच आहे. टॅक्सी पद्मिनीबद्दल मला तेवढी खात्री देता येत नाही.

मारुती ८०० विषयी संग्राहक अजून नाक मुरडतात. फार बनली, फार दिसली, असा आक्षेप. तो दुर्मीळपणाच्या उसन्या निकषातून येतो. वळणाची कसोटी लावली तर स्वातंत्र्यानंतर तिच्याइतकी परिणामकारक गाडी दुसरी नाही. मोटार म्हणजे चालक ठेवणाऱ्याची वस्तू, ही समजूत तिने मोडली. बायका मोठ्या संख्येने गाडी चालवू लागल्या त्यात तिचा वाटा आहे. तिच्यातही भेद करायला हवा. १९८३ पासूनची पहिली, चपट्या नाकाची आवृत्ती वेगळी आणि १९८६ नंतरची गोलसर वेगळी. पहिल्या आवृत्तीची मूळ रूपातली गाडी कोणाकडे असेल तर तिने ती भंगारात देऊ नये. पहिली विकलेली गाडी कंपनीने स्वतः नीट करून आपल्या कार्यालयात ठेवली आहे. कारखानदाराला जे कळले ते संग्राहकांना कळायला वेळ लागतो आहे.

टाटा सिएरा जवळजवळ प्रत्येक यादीत असते आणि इथे याद्यांशी माझे भांडण नाही. १९९१ साली पुण्यात बनलेली ही गाडी देशी कारखान्याने चैनीसाठी गाडी काढण्याचा पहिला धाडसी प्रयोग होती. मागच्या बाजूची छताकडे वळलेली काच आजही ओळखू येते. तिची अडचण त्या काचेचीच आहे. इंजिन दुरुस्त होईल, पत्रा ठोकून सरळ होईल. ती काच फुटली तर उद्यमनगरात घडवता येणार नाही. सिएराचे आयुष्य तिच्या काचांइतकेच आहे. तिच्या पाठोपाठ आलेली सुमो मात्र यादीत नसते. सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातली पहिली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले, हे अनेकांना ठाऊक असते. तालुक्याच्या गावाला लग्नाचे वऱ्हाड नेणारी, निवडणुकीत फिरणारी, रुग्णवाहिका झालेली ही गाडी १९९४ नंतरच्या ग्रामीण महाराष्ट्राचा दस्तऐवज आहे. राबलेल्या गाड्या जपल्या जात नाहीत, त्यामुळे चांगल्या अवस्थेतली सुमो पुढे सिएराहून दुर्मीळ ठरेल असा माझा अंदाज आहे.

कुलीन घराण्यातल्या गाड्यांपैकी एक मी यादीत घेतो. १९९५ पासून टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात जोडली गेलेली ई-क्लास मर्सिडीज. ती यांत्रिक दृष्ट्या भक्कम आहे, आणि उदारीकरणानंतर आलेल्या नव्या पैशाची ती पहिली खूण आहे. साखर कारखानदारीच्या पट्ट्यात तिचा अर्थ काय होता हे वेगळे सांगायला नको.

आता नॅनो. १० जानेवारी २००८ रोजी ती दिल्लीत दाखवली गेली तेव्हा जगभर बातमी झाली. २०१८ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. अपयशी गाडी अभिजात कशी होईल, असे मला विचारतात. ग्रंथांच्या इतिहासात असे घडलेले आपण पाहिले आहे. पहिली आवृत्ती न खपलेली पुस्तके पुढे पाठ्यक्रमात लागली. चार माणसांचे कुटुंब दुचाकीवरून उतरवून छताखाली बसवायचे, हा विचार घेऊन एक गाडी संपूर्ण रेखाटली गेली. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का नको होता. एका समाजाचा हिशेब आणि त्याची प्रतिष्ठा यांतला झगडा एवढ्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. म्हणून ती माझ्या यादीत आहे.

नंतरच्या गाड्यांविषयी मी सावध आहे. संगणकीय नियंत्रण आले तशी मिस्त्रीची कसोटी कठीण होत गेली. ओतकाम आमच्या जिल्ह्यात कमी नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत मोटारींच्या इंजिनांचे भाग ओतले जातात. ओतलेला भाग पुन्हा ओतता येतो. कंपनीने कुलूप लावून ठेवलेली आज्ञावली पुन्हा ओतता येत नाही. विजेच्या गाडीची बॅटरी संपली आणि तशी बॅटरी कोणी बनवेनासे झाले, की गाडी पेटीसारखी उभी राहील. दिसायला मूळ रूपात, पण मुकी.

या सर्व चर्चेत एक गाडी राहून जाते, कारण ती विकलीच गेली नाही. गडमुडशिंगीहून तासाभराच्या अंतरावर, इचलकरंजीत, शंकरराव कुलकर्णी या गृहस्थांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली. औपचारिक शिक्षण बेताचे, गाव यंत्रमागांचे. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७० च्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने बनवत राहिले. मागच्या बाजूला बसवलेले इंजिन, लहान बांधा, आणि १२,००० रुपयांच्या आसपास किंमत असावी हा आग्रह. सरकारी परवानगी, कर आणि भांडवल यांच्या वाटेत ती अडली. उत्पादन कधीच सुरू झाले नाही. नॅनोच्या किती तरी आधी तोच प्रश्न आणि बऱ्याच अंशी तसेच उत्तर एका मराठी कारागिराने मांडून ठेवले होते. तरी अभिजात गाड्यांच्या चर्चेत मीराचा उल्लेख झाला तर गंमत म्हणून होतो. माझ्या तीनही कसोट्यांवर ती कोणत्याही विकल्या गेलेल्या गाडीच्या बरोबरीने उभी राहते. वळण घडवायची संधी तिला मिळाली नाही, पण वळण तिला दिसले होते. मिस्त्रीची कसोटी तिला लावण्यात अर्थ नाही. ती मिस्त्रीनेच जन्माला घातली होती. आणि पाठ म्हणाल तर तो कोणाचा अनुवाद नव्हता.

एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. जुन्या गाड्या धूर ओकतात, अपघातात माणसाला वाचवत नाहीत. त्या मोडीत जाणेच बरे. मोडीत काढण्याच्या धोरणाला माझा विरोध नाही. हजारातल्या नऊशे नव्याण्णव जाऊ द्याव्यात. राहणारी एक कोणती, हे ठरवण्याचे काम भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर सोपवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी फार खर्चही लागत नाही. तीस वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या आणि क्वचित चालणाऱ्या गाडीला मधल्या वीस वर्षांसाठी सवलतीची एक वेगळी नोंद द्यावी. व्यावसायिक वाहनांना, निदान रिक्षा, टॅक्सी आणि वडापला, वारसा वाहनाच्या व्याख्येत जागा द्यावी. आणि ज्या जिल्ह्याने इंजिने ओतली त्या कोल्हापूरने एखाद्या शेडमध्ये फियाट, सुमो, ट्रॅक्स, रिक्षा आणि मीराविषयी मिळतील ती छायाचित्रे व कागद एकत्र ठेवावेत.

तोवर घरोघरी करण्यासारखे एक काम आहे. गाडी विकताना किंवा मोडीत देताना आरसी बुकाची प्रत, खरेदीची पावती, गॅरेजची बिले आणि गाडीसमोर उभे राहून काढलेला फोटो फेकू नका. पत्रा गेला तरी पाठ शिल्लक राहतो. पुढच्या अभ्यासकाला गाडी मिळाली नाही, तर निदान ती कोणाची होती, किती चालली आणि कोणी दुरुस्त केली, एवढे त्यातून वाचता येईल.